पेढीवरच्या माणसाचा विमा : कायद्याची सक्ती आणि श्रावकाचे कर्तव्य

दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते आणि मागील वर्षाची येणी-देणी नव्या पानावर ओढली जातात. व्यापारी घराण्याची पत या वहीवर उभी असते. कोणाचे देणे राहिले आहे, हे तारखेसह सांगता येणे ही चांगल्या पेढीची खूण समजली जाते. तरीही पेढीवर वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या माणसाच्या आजारपणाचे देणे या वहीत क्वचितच आढळते. वेळप्रसंगी शेठजी इस्पितळाचे बिल भरतात, औषधांना पैसे देतात. पण ती रक्कम बहुधा त्या माणसाच्या नावे उचल म्हणून लिहिली जाते आणि पुढील पगारांतून हप्त्याहप्त्याने वळती होते. म्हणजे आजार कामगाराचा आणि कर्जही त्याचेच, अशी ही रीत आहे.

सक्तीच्या आरोग्य विम्याचा कायदा या व्यवहाराकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. आजारपणाचा खर्च आजार येण्यापूर्वीच, दरमहा थोडा थोडा, मालक आणि कामगार या दोघांनी मिळून बाजूला काढावा, असे तो सांगतो. ही सक्ती सर्वांवर सारखी नाही. ती कामगारासाठी एक आहे, रहिवाशासाठी दुसरी आणि परदेशी जाणाऱ्या प्रवाशासाठी तिसरी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबांत या तिन्ही बाबी एकाच छपराखाली येतात. दुकानात कामगार असतात, घरात वृद्ध आईवडील असतात, एखादा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला असतो किंवा मुलगी-जावई दुबईत असतात. त्यामुळे कोणती सक्ती कोणावर आहे, ती कोठे थांबते आणि जेथे थांबते तेथे कोणाचे कर्तव्य सुरू होते, हे समजून घेणे हा हिशेबाइतकाच धर्माचाही विषय आहे.

एका अहवालातून उभी राहिलेली योजना

कामगारांच्या सक्तीच्या आरोग्य विम्याची सुरुवात जर्मनीत 1883 साली झाली. भारतात हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम 1943 साली प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यांचा अहवाल 1944 साली सादर झाला. पुढे 1948 साली संसदेने कर्मचारी राज्य विमा कायदा संमत केला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. कानपूरच्या समारंभाला पंडित जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. महाराष्ट्रात ही योजना 'राज्य कामगार विमा योजना' या नावाने आणि बोलीभाषेत 'ईएसआय' म्हणून ओळखली जाते.

या योजनेचे मर्म तिच्या वर्गणीच्या पद्धतीत आहे. प्रत्येकाने आपापल्या पगाराच्या प्रमाणात द्यावे आणि प्रत्येकाला गरजेच्या प्रमाणात मिळावे, हे तिचे सूत्र आहे. आठ हजार पगाराच्या झाडूवाल्याला आणि वीस हजार पगाराच्या कारकुनाला हृदयाच्या शस्त्रक्रियेचा हक्क सारखाच आहे. वय अधिक म्हणून येथे हप्ता वाढत नाही. मधुमेह पूर्वीपासून होता म्हणून उपचार नाकारले जात नाहीत. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही मेडिक्लेममध्ये या दोन गोष्टी सहसा एकत्र मिळत नाहीत.

हिशेब किती आणि लाभ कोणता

1 जुलै 2019 पासून वर्गणीचा दर मालकासाठी पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगारासाठी 0.75 टक्के असा एकूण 4 टक्के आहे. त्यापूर्वी हाच दर एकूण 6.5 टक्के होता. मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून आहे. दिव्यांग कामगारांसाठी ती 25,000 रुपये आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत हा हिशेब असा मांडता येईल. समजा, एखाद्या कापड दुकानात 12 माणसे आहेत आणि प्रत्येकाला दरमहा 15,000 रुपये पगार आहे. एका माणसामागे मालकाचा वाटा सुमारे 488 रुपये आणि कामगाराचा सुमारे 113 रुपये होतो. साऱ्या दुकानाचा मालकाचा वाटा महिन्याला 5,850 रुपयांच्या आसपास जातो. सणासुदीच्या दिवसांत दुकानाच्या रोषणाईवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम मोठी म्हणता येणार नाही.

या वर्गणीच्या बदल्यात कामगाराला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना वैद्यकीय उपचार मिळतात, आणि ते नोकरीत नोंद झालेल्या दिवसापासून मिळतात. याशिवाय रोख लाभ आहेत. आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. म्हणजे वरील उदाहरणातील माणूस महिनाभर अंथरुणावर राहिला, तरी त्याच्या घरी सुमारे 10,500 रुपये येत राहतात. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत हा लाभ 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. बाळंतपणासाठी 26 आठवडे पूर्ण पगार मिळतो. कामावर अपघात झाल्यास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात 90 टक्के रक्कम मिळते आणि मृत्यू ओढवल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन सुरू होते. पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही शेवटची तरतूद फार थोड्या पेढ्यांवर ठाऊक असते. म्हातारपणी मुनीमजींना निरोप देताना शाल-श्रीफळाबरोबर ही माहिती दिली, तर तो खरा सत्कार ठरेल.

पगार देता येत नाही अशा आजाराच्या दिवसांत घरात येणारी ही रक्कम उपचारांइतकीच महत्त्वाची असते. हातावर पोट असलेला माणूस पुष्कळदा औषध महाग म्हणून दवाखाना टाळतो असे नाही; दवाखान्यात गेलो तर रोज बुडेल, या भीतीने तो दुखणे अंगावर काढतो. ईएसआयच्या रोख लाभाने नेमकी हीच भीती कमी होते.

दहाव्या नावाची रेषा

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि 1948 च्या कायद्याची जागा तिने घेतली. पूर्वी ईएसआय अधिसूचित क्षेत्रांपुरती मर्यादित होती. नव्या संहितेने ती देशभर लागू होण्याचा मार्ग खुला केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. महाराष्ट्रात दुकानांच्या बाबतीत ही संख्या बराच काळ वीस होती, त्यामुळे 'आपल्याला लागू नाही' ही अनेक पेढ्यांवरील समजूत जुन्या काळातील आहे आणि ती तपासून पाहणे आवश्यक आहे. जोखमीच्या आणि जीवितास धोका असलेल्या कामांत तर एका कर्मचाऱ्यासाठीही ही योजना लागू करण्याची तरतूद संहितेत आहे.

संख्या मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 21,000 रुपयांहून अधिक पगार घेणारा माणूस विम्याच्या कक्षेत येत नसला, तरी दहाच्या मोजणीत तो धरला जातो. तसेच ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर राहते. ठेकेदार वर्गणी भरत असेल, असे गृहीत धरून चालत नाही. त्याने भरलेल्या चलनाची प्रत दरमहा पाहणे हाच त्यावरील उपाय आहे.

आता नगरच्या बाजाराकडे पाहावे. आडते बाजार, दाळ मंडई, कापड बाजार, गंज बाजार या पेठांतील बहुसंख्य दुकाने लहान आहेत. कोठे चार माणसे, कोठे सहा, कोठे आठ. हजेरीपटावर दहावे नाव आले की कायदा दारात येतो. नवव्या नावापर्यंत तो बाहेरच थांबतो. आजार मात्र ही रेषा ओळखत नाही. आठ माणसांच्या दुकानातील माणसाचे मूत्रपिंड निकामी झाले, तर त्याचे डायलिसिस तेवढ्याच वेळा करावे लागते.

या जिल्ह्यात दुसरी एक मोठी रेषा आहे, ती हंगामाची. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून या जिल्ह्याने देशाला सहकाराची वाट दाखविली. परंतु ईएसआयच्या कायद्यात सुरुवातीपासूनच हंगामी कारखान्यांना वगळलेले आहे, आणि साखर व गूळ तयार करणे, सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे ही कामे त्या व्याख्येत येतात. नव्या संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच आहेत. उसाच्या आणि कापसाच्या या मुलखात अनेक व्यापारी कुटुंबांचे भांडवल नेमके अशा उद्योगांत गुंतलेले आहे. तेथे हंगामापुरता येणारा माणूस सक्तीच्या विम्यापासून दूर राहतो.

हमालांची स्थिती याहून निराळी आहे. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्याचा एक ठरलेला मालक नाही, आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर जो पोती उचलतो, त्याच्यासाठी मंडळ स्थापन करून मजुरीवर लेव्ही घ्यावी आणि त्यातून त्याचे हक्क सांभाळावेत, ही त्या कायद्यामागची कल्पना. मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांना लेव्ही ठाऊक आहे. तिच्याविषयीची तक्रारही ठाऊक आहे. परंतु अनेक मालक असलेल्या माणसाचा मालक अखेर कोण, या अवघड प्रश्नाला कायद्याने दिलेले ते एक उत्तर आहे, हे विसरता येत नाही.

'सेवा मिळत नाही, मग वर्गणी कशाला?'

ईएसआयविषयी मालकांचा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे, आणि तो निराधार नाही. योजनेची स्वतःची रुग्णालये मोठ्या औद्योगिक शहरांत एकवटलेली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा-दवाखाने आणि करारबद्ध खासगी रुग्णालये यांवर अवलंबून राहावे लागते. औषधांचा तुटवडा, डॉक्टरांची अपुरी संख्या, संदर्भपत्रासाठी मारावे लागणारे हेलपाटे, या तक्रारी राज्यभर ऐकू येतात. शेवगाव, पाथर्डी किंवा जामखेडच्या कामगाराला एका सहीसाठी दिवसाचा रोज बुडवून नगरला यावे लागले, तर त्याच्या दृष्टीने विम्याचा अर्धा अर्थ हरवतो.

पण या आक्षेपातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सेवा अपुरी असेल, तर ती मागण्याचा हक्क नोंदणी झालेल्यालाच असतो. हजेरीपटावर नावच नसलेला माणूस दवाखान्यात औषध का नाही, असे विचारूही शकत नाही. ज्या गावात विमाधारकांची नोंदलेली संख्या थोडी, तेथे सोय वाढविण्यास कारणही थोडे. चौदा माणसे कामाला असताना नऊ दाखविणारी पेढी आपल्या पाच माणसांचा लाभ तर बुडवितेच, शिवाय साऱ्या तालुक्याची मागणीही दुबळी करते. व्यापारी संघटनांनी येथे आवाज उठविला, करारबद्ध रुग्णालयांची यादी वाढविण्याचा आग्रह धरला, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. कारण वर्गणीचा मोठा भाग त्यांच्याच खिशातून जातो.

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. काही मालक कामगारांसाठी गट मेडिक्लेम घेतात आणि त्यामुळे ईएसआयची गरज नाही, असे मानतात. मेडिक्लेम ही चांगली गोष्ट आहे, पण सरकारने रीतसर सूट दिल्याशिवाय तिने ईएसआयची जबाबदारी संपत नाही. मेडिक्लेम इस्पितळाचे बिल भरते. बुडालेला पगार, बाळंतपणाची रजा किंवा विधवेचे निवृत्तिवेतन देत नाही.

रहिवाशाला सक्ती नाही, पण हक्क आहे

भारतात रहिवाशावर आरोग्य विमा घेण्याची सक्ती नाही. त्याऐवजी सरकारने काही हमी उभ्या केल्या आहेत. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि 2013 च्या नोव्हेंबरात ती राज्यभर पोहोचली. त्याच टप्प्यात नगर जिल्हा तिच्यात आला. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. आता शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ खुला झाला असून संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष 5 लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली आणि ती राज्याच्या योजनेशी जोडली गेली. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. खासगी मेडिक्लेम असला तरी हा हक्क जात नाही.

व्यापारी घरांत एक संकोच आढळतो. सरकारी योजना म्हणजे गरिबांची, आपण त्यात का जावे, असा तो विचार असतो. संकोच समजण्यासारखा आहे. परंतु आपल्या घरच्या वृद्धांचे कार्ड न काढणे ही एक गोष्ट आणि पेढीवरच्या माणसाला ही योजना ठाऊकच नसणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत नुकसान मोठे आहे. शिधापत्रिकेत नवजात मुलाचे किंवा नव्या सुनेचे नाव चढविलेले नसणे, आधार कार्डावरील नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव यांत फरक असणे, अशा साध्या कारणांनी ऐन वेळी मंजुरी अडते. योजनेतील रुग्णालयांत मदतीसाठी आरोग्यमित्र असतो, हेही अनेकांना माहीत नसते. शिकलेल्या सुना-मुलांनी एका रविवारी दुकानातील साऱ्यांची कागदपत्रे तपासून दिली, तर दहा माणसांच्या दुकानात ते काम एका दुपारी होऊ शकते.

या योजनांना ठरावीक रुग्णालयांची आणि ठरावीक उपचारांची चौकट आहे, म्हणून ज्यांना परवडते त्यांनी स्वतःचा मेडिक्लेम अवश्य घ्यावा. 1 एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची कमाल प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यास फसवणुकीखेरीज अन्य कारणाने माहिती लपविल्याचा ठपका ठेवून दावा नाकारता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी पूर्णपणे उठला आहे. अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह, झालेल्या शस्त्रक्रिया लपवू नयेत. एजंट 'लिहू नका' म्हणाला तरी सही आपली असते.

परदेशी जाताना निमूट पाळली जाणारी सक्ती

हीच कुटुंबे परदेशी निघतात तेव्हा सक्तीचे दुसरे रूप समोर येते. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल, तर किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. तो सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असावा लागतो, आणि आजारी माणसाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात असावा लागतो. जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदविता येत नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. 2024 च्या फेब्रुवारीपासून तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 776 पाउंड आहे. ऑस्ट्रेलियातही विद्यार्थी व्हिसासाठी आरोग्य संरक्षण आवश्यक आहे.

अमेरिकेत उलट स्थिती आहे. मुलाकडे सहा महिने राहण्यास जाणाऱ्या आईवडिलांना पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, आणि उपचारांचा खर्च मात्र जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक आहे. तेथे सक्ती नाही म्हणून विमा टाळणे हा सर्वांत महाग पडणारा निर्णय ठरू शकतो. असा विमा घेताना पूर्वीपासूनच्या आजारांविषयीचे कलम ओळ न् ओळ वाचावे. वृद्धांच्या बाबतीत सारा प्रश्न त्या एका कलमावर येऊन ठेपतो.

आखाती देशांचे उदाहरण या लेखाच्या विषयाला विशेष जवळचे आहे. दुबईने 2013 च्या कायद्याने आरोग्य विमा टप्प्याटप्प्याने सर्वांना सक्तीचा केला. तेथे कामगाराचा विमा मालकाने काढावयाचा असतो आणि त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. कुटुंबीयांच्या विम्याची जबाबदारी त्यांना बोलावून घेणाऱ्यावर असते. 1 जानेवारी 2025 पासून संयुक्त अरब अमिरातीच्या उरलेल्या अमिरातींतही खासगी क्षेत्रातील कामगार आणि घरकामगार यांच्यासाठी ही सक्ती लागू झाली. विम्याचा पुरावा नसेल, तर निवासाचा परवाना मिळत नाही आणि त्याचे नूतनीकरणही होत नाही.

दुबईत दुकान थाटलेला नगरचा व्यापारी हा नियम कुरकुर न करता पाळतो, कारण परवाना त्यावर अवलंबून असतो. एकाच घराण्याच्या दोन दुकानांत मग असे चित्र दिसू शकते की, परदेशातील दुकानात सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या माणसाचा विमा आहे आणि नगरच्या दुकानात वीस वर्षांपासून असलेल्या माणसाचा नाही. दोघांचा शेठ एकच, दोघांची निष्ठाही सारखीच. फरक फक्त सक्तीचा आहे.

दान आणि हक्क

या समाजाने आरोग्यासाठी थोडे केले आहे, असे कोणी म्हणणार नाही. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे जन्मलेल्या आचार्य आनंदऋषिजी महाराजांचे 1992 साली नगर येथे महानिर्वाण झाले. त्यांच्या स्मृतीत जैन सोशल फेडरेशनने उभारलेले आनंदऋषिजी हॉस्पिटल आज जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना माफक दरात सेवा देते. त्यामागे असंख्य कुटुंबांचे दान आहे, वेळ आहे, श्रद्धा आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला तपासणी शिबिर प्रायोजित करण्याची चांगली प्रथा या शहरात रुजलेली आहे.

तरीही दान आणि विमा यांत एक फरक राहतो. दान घेणाऱ्याला हात पुढे करावा लागतो. विमाधारकाला फक्त आपले कार्ड दाखवावे लागते. शेठजींकडे मदत मागण्यापूर्वी पेढीवरचा माणूस कितीतरी वेळा दारापर्यंत येऊन परत फिरतो. मागावे तर मिंधे होणे आले, न मागावे तर आजार वाढतो. ज्या मदतीवर त्याचा हक्क आहे, तिच्यासाठी त्याला ही घालमेल सोसावी लागत नाही. म्हणून सहस्रावधी अनोळखी रुग्णांसाठी दिलेले दान स्वतःच्या दुकानातील माणसाच्या वर्गणीचा पर्याय होऊ शकत नाही. दान हे पुण्य आहे, वर्गणी हे देणे आहे. देणे फेडल्यानंतर जे उरते त्यातून दान करावे, हा क्रम व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

अतिचारांच्या यादीत हजेरीपट

श्रावकाच्या अणुव्रतांत या विषयाचा विचार आधीच आलेला आहे. प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे अतिचार आठवताना आश्रितांवर अतिभार लादणे आणि त्यांच्या अन्नपाण्यात खंड पाडणे, या दोहोंची आलोचना केली जाते. आजारी माणसाचा रोज बुडणे म्हणजे त्याच्या घरातील अन्नपाण्यात खंड पडणेच होय. दुसऱ्या व्रतात कूटलेख, म्हणजे खोटा कागद तयार करणे, हा दोष सांगितला आहे. चौदाऐवजी नऊ नावांचे हजेरीपट हा कूटलेखच आहे, मग तो सल्लागाराने तयार केलेला असो वा संगणकाने.

त्याच व्रताच्या विचारात न्यासापहाराचा, म्हणजे थापणमोशाचा, उल्लेख येतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणे, असा त्याचा अर्थ. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के रक्कम कापून घेतली आणि ती निगमाकडे भरली नाही, तर ती कामगाराची ठेव मालकाने गिळल्यासारखे होते. देशाच्या दंडविधानानेही अशा कृत्याला फौजदारीपात्र न्यासभंगाच्या कक्षेत धरले आहे. प्रतिक्रमणातील 'न्यास' आणि दंडविधानातील 'न्यास' येथे एका ओळीत येतात. मालकाने आपला 3.25 टक्क्यांचा वाटाही कामगाराच्या पगारातून वळता करणे कायद्याने निषिद्ध आहे. वर्गणी पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावयाची असते. विलंबाला वर्षाला 12 टक्के व्याज लागते.

सक्ती संपते तेथून पुढे

ज्या पेढीवर दहा किंवा अधिक माणसे आहेत, तेथे करावयाचे काम स्पष्ट आहे. खरी संख्या दाखवावी, नोंदणी करावी, प्रत्येकाच्या कुटुंबातील व्यक्तींची नावे चढवावीत आणि कार्डाची प्रत त्याच्या हाती द्यावी. अनेक कामगारांचा विमा असतो, पण तो आहे हेच त्यांना ठाऊक नसते. पगारातून कापलेले शंभर रुपये कशाचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दहाच्या आतील दुकानांसाठीही मार्ग बंद नाही. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल, तर लहान आस्थापनांना स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. ते शक्य नसेल तेथे प्रत्येक माणसाच्या कुटुंबाची शिधापत्रिका आणि आयुष्मान कार्ड पूर्ण करून घेणे, त्याच्या नावे लहानसा मेडिक्लेम काढून हप्ता पेढीने भरणे आणि कामावरील अपघातासाठी स्वतंत्र विमा घेणे, एवढे तरी करता येते. कामावरील अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तर 1923 च्या कायद्यापासून मालकावर आहेच. हंगामी कारखाना चालविणाऱ्यांनी हंगामापुरता अपघात विमा आणि आरोग्य तपासणी एवढी सुरुवात केली, तरी ऊस आणि कापूस वाहणाऱ्या हातांना आधार मिळेल. 21,000 रुपयांची मर्यादा ओलांडलेल्या जुन्या माणसाकडेही लक्ष हवे. पगारवाढीच्या आनंदात त्याचा विमा हातचा जाऊ नये, म्हणून त्याच्यासाठी मेडिक्लेमची सोय त्याच महिन्यात व्हावी.

पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला परस्परांची क्षमा मागितली जाते. पेढीवर शेठजी आणि मुनीम, दिवाणजी आणि हमाल एकमेकांना हात जोडतात. या क्षमायाचनेत मनात राहिलेले सारे देणे-घेणे मोकळे होते, अशी श्रद्धा आहे. ज्याचे आजारपणाचे देणे वेळेवर भरलेले आहे, त्या माणसासमोर हात जोडताना मालकाच्या मनात संकोच उरत नाही. ज्याचे राहिले आहे, त्याच्यासाठी पुढील महिन्याची 15 तारीख फार दूर नाही.